एक नंबर वरचा टायर

सकाळी 8.15. नारायणगाव, पुणे-नाशिक रस्ता. टायरच्या दुकानाचं शटर वर जातं. मिस्त्री आधी कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक सोडतो, साचलेलं पाणी काढतो, मगच बटण दाबतो. हेल्पर बादलीत साबण कालवतो. मिस्त्रीची हजेरी 700, हेल्परची 400. चहा मालकाचा.

9.00. दोन पंक्चर. एक पिकअप, एक मोटारसायकल.

10.20. टोमॅटोच्या बाजारातून एक शेतकरी बोलेरो घेऊन येतो. "मामा, मोठे टायर टाका. शेताच्या वाटेला मधला उंचवटा खाली घासतोय."

"किती मोठे?"

"बसतील तेवढे."

मिस्त्री गाडीखाली वाकतो. घासतंय ते मागचं डिफरन्शियल. पाटे कितीही उचलले तरी ते जागचं हलत नाही, कारण ते चाकांच्या आसावरच बसलेलं. त्याला वर नेतो तो फक्त टायर. मूळ माप 215/75 आर 15. मिस्त्री 235/75 सुचवतो, त्यापुढे नाही म्हणतो. टायर 30 मिलिमीटरनं उंच होतो, गाडी त्याच्या निम्मीच, 15 मिलिमीटर. शेतकऱ्याला ते कमी वाटतं. मिस्त्री समजावतो: काटा 80 दाखवेल तेव्हा गाडी 83 वर असेल. घाटात ओढ थोडी कमी लागेल. आणखी मोठा घातला तर दोन्ही तोटे वाढतील, वर टायर मडगार्डला घासेल. गिऱ्हाइकाला नाही म्हणणारा कारागीर मला या धंद्यात मोलाचा वाटतो.

11.00. चाकांना दगड. गाडी जमिनीवर असतानाच नट सैल, मग जॅक. जुना टायर मशीनवर सुटतो. डिस्कच्या कडेला गंज आहे. हेल्पर तारेच्या ब्रशनं तो घासत राहतो. कड साफ नसेल तर तिथूनच हवा झिरपते. नवा व्हॉल्व. कडेला साबणाचं पाणी. टायर चढतो, हवा भरते. ठप. ठप. दोन्ही कडा बसल्या. त्या बसेपर्यंत मिस्त्री टायरवर वाकत नाही, हेल्परलाही वाकू देत नाही. चारही चाकांत हवा 32. मग बॅलन्सिंग.

12.50. नट आधी हातानं, मग समोरासमोरचे आवळून. पुढचं एक चाक लाकडी ठोकळ्यावर चढवून स्टिअरिंग पूर्ण काटतात. मडफ्लॅपची कड घासते. मिस्त्री पात्यानं बोटभर कापतो, पुन्हा काटतो. आता मोकळं.

1.45. जेवण. भाकरी, वांगं.

2.30. अलाइनमेंट. स्टेपनी जुन्याच मापाची राहते. पाचव्या टायरचे पैसे आज नाहीत. "मागचं चाक पंक्चर झालं, तर पुढचं मागं टाका आणि स्टेपनी पुढं. मागं लहानमोठी चाकं पळवू नका, डिफरन्शियल खराब होईल."

4.10. हिशेब. टायर 7,200 प्रमाणे 28,800. फिटिंग 400, बॅलन्सिंग 400, व्हॉल्व 200, अलाइनमेंट 400. जुन्यातले दोन बरे, 1,200 ला एक. दोन गुळगुळीत, 200 ला एक. वजा जाता 27,400. शेतकरी 15,000 रोख देतो, बाकी टोमॅटोच्या पुढच्या पट्टीवर. मालक वहीत लिहितो.

मिस्त्री हात पुसत गाडीपाशी येतो. "उद्या बाजाराला आलात की इकडून जा. नट परत आवळायचेत. त्याचे पैसे नाहीत."