पावसाच्या नोंदीवर हक्क कोणाचा?

महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला की महाराष्ट्रात सरकारदरबारी ती अतिवृष्टी ठरते आणि पुढचे पंचनामे, मदतीचे प्रस्ताव या आकड्याच्या आधाराने चालतात. मंडळात गावे अनेक असतात, मोजणारे यंत्र मात्र बहुधा एकाच ठिकाणी. पाऊस काही मंडळाची हद्द पाहून पडत नाही. एका शिवारात बांध फुटतात, तेव्हा पलीकडच्या शिवारात नुसती भुरभुर असते. हवामानावर आधारित फळपीक विम्यातही आंबा, द्राक्ष, डाळिंब यांची भरपाई ठरते ती नेमून दिलेल्या केंद्रावरच्या पावसाच्या आणि तापमानाच्या नोंदींवरून. ज्या नोंदीवर एखाद्या घराचा वर्षाचा हिशेब ठरतो, ती त्या घराला पूर्ण स्वरूपात, विनासायास आणि फुकट पाहता आली पाहिजे. तो त्याचा हक्क आहे.

आपल्याकडे मोजणी होत नाही, असे अजिबात नाही. भारतीय हवामान विभाग १८७५ पासून काम करतो आहे. ‘महावेध’ प्रकल्पात राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. कृषी विभागाच्या संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस दिसतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजते. अडचण पुढची आहे. पाऊस मिलिमीटरमध्ये, धरणसाठा टीएमसीमध्ये, विसर्ग क्युसेकमध्ये. पाऊस मंडळनिहाय, भूजल पाणलोटनिहाय, नदी खोरेनिहाय. आपल्या गावाला यंदा पाणी किती पुरेल, या साध्या प्रश्नासाठी माणसाला तीन खात्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. शिवाय आजचा आकडा दिसणे वेगळे आणि नोंद हाती असणे वेगळे. पेरणीचा पाऊस खरोखर लांबत चालला आहे का, हे आजच्या आकड्यावरून कळत नाही; त्यासाठी त्याच ठिकाणची तीस-चाळीस वर्षांची सलग नोंद लागते.

सामान्य माणसाला हे आकडे कळणार नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. सांगलीत तो टिकत नाही. तिथे आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे शहराला तोंडपाठ आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा फुटाफुटाचा अर्थ घराघरांत कळत होता. हिवरे बाजारची ग्रामसभा पाऊस मोजते, पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची ते ठरवते. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी, हे गणित शाळकरी मुलालाही जमते. आकडा आपल्या जागेशी आणि आपल्या निर्णयाशी जोडला गेला की तो आपोआप कळू लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कच्च्या नोंदींत चुका असतात, त्या उघड केल्या तर गैरसमज पसरतील. चुका असतात हे खरेच. स्वयंचलित पर्जन्यमापकात एक छोटे झुलते पात्र असते. ठरावीक पाणी साचले की ते कलंडते आणि यंत्र तेवढा पाऊस मोजते. वरच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, कोळ्याने जाळे विणले, तर धो धो पाऊस पडूनही नोंद किरकोळ होते. पण मुख्यालयात बसून हे लवकर ध्यानात येत नाही. ते त्या गावच्या माणसाला कळते, कारण काल ओढा दुथडी वाहिला हे त्याने पाहिलेले असते. तेव्हा नोंद झाकल्याने चूक तशीच राहते आणि उघडल्याने सापडते. ‘ही नोंद प्राथमिक, ही तपासलेली’ असा शेरा सोबत दिला, तर गैरसमजाचाही बंदोबस्त होतो. राहिला सुरक्षेचा मुद्दा. देशाच्या जलविदा धोरणात गोपनीयतेची बंधने सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा या सीमेपलीकडे जाणाऱ्या खोऱ्यांसाठी आहेत. कृष्णा, गोदावरी, तापी त्यांत मोडत नाहीत.

शासनाने आता पाऊस, धरणसाठा, विसर्ग आणि भूजल एकाच नकाशावर, मराठीत, गावाचे नाव टाकताच समोर येतील असे मांडावे. जुन्या नोंदी कोणालाही उतरवून घेता याव्यात आणि केंद्र बंद पडले तर तेही तिथेच दिसावे. यंत्रे, माणसे आणि कार्यालये यांवरचा बराच खर्च जनतेच्या पैशातून झालेला आहे. ६२ मिलिमीटरच्या नोंदीमुळे मदतीबाहेर राहिलेल्या शेतकऱ्याला नोंदी खुल्या झाल्याने कदाचित पैसे मिळणार नाहीत. पण आपल्या मंडळातले यंत्र त्या रात्री चालू होते का, शेजारच्या मंडळात किती नोंद झाली, हे त्याला स्वतः पाहता येईल आणि नोंद चुकली असेल तर पुराव्यानिशी दाद मागता येईल. आज त्याच्याकडे फक्त तक्रार असते. नोंद खुली झाली की हातात पुरावा असेल.