सेकंदाला चोवीसदा थांबणारं यंत्र

पुण्याच्या प्रभात टॉकीजला निरोप तरी मिळाला. १९३४ साली लागलेलं ते नाव २०१४ च्या अखेरीस उतरलं, तेव्हा बातम्या आल्या, जुने प्रेक्षक हळहळले. सातारा-सांगलीच्या यात्रांतून फिरणाऱ्या तंबूतल्या टॉकीजच्या नशिबी तेवढंही आलं नाही. नव्या सिनेमांच्या प्रिंटा निघेनाशा झाल्या आणि प्रोजेक्टरवर ताडपत्री पडली. जुन्या टॉकीजच्या शेवटच्या रात्रीवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा माझं मन त्या ताडपत्रीखालच्या यंत्रापाशी अडलं.

माझं गाव सांगली जिल्ह्यातलं कुंडल. तिथल्या माणसाला सिनेमाही परका नाही आणि यंत्रही. औंध संस्थानातल्या या गावात ग. दि. माडगूळकर शाळा शिकले. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’त छोटी भूमिका करून ते चित्रपटात शिरले आणि पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा त्यांनीच लिहिली. गावाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला आणि त्या स्टेशनाचं नावच किर्लोस्करवाडी झालं. वाड्यावस्त्यांवरच्या माणसांना मात्र सिनेमा भेटायचा तो पुसेगावसारख्या यात्रेत. ट्रक यायचा, तंबू ठोकला जायचा, जनरेटर धडधडायचा, भोंग्यावरून पुकारा व्हायचा आणि बायाबापड्या पोरं मांडीवर घेऊन भुईवरच बैठक मारायच्या.

ते सगळे पडद्याकडे बघत असताना मागे प्रोजेक्टरच्या पोटात जे चालायचं, ते मला अजून थक्क करतं. फिल्म सरसर पळत असते असं आपल्याला वाटतं. खरं तर भिंगासमोर ती सेकंदाला चोवीसदा पूर्ण थांबते. थांबली नाही तर पडद्यावर नुसता फराटा दिसेल. थांबवण्याचं हे काम करतो माल्टीज क्रॉस : चार खाचांचा, तळहातात मावणारा पोलादी तुकडा. शेजारच्या चाकावरची खुंटी एका फेऱ्यात एकदाच खाचेत शिरते आणि क्रॉसला पाव फेरा देऊन बाहेर पडते. तेवढ्यात फिल्म एक चौकट खाली सरकते. सरकायला सेकंदाचा शहाण्णवावा भाग लागतो, आणि तेवढा वेळ झडप उजेड अडवून धरते. बाकीचा वेळ चित्र स्थिर. तासाला शहाऐंशी हजार चारशे वेळा हा झटका बसतो, म्हणून क्रॉस तेलात बुडवलेला असतो.

गंमत पुढेच आहे. चित्राला थांबावं लागतं, पण आवाजाला थांबून चालत नाही. त्यामुळे त्याच फिल्मला थोडं खाली, आवाज वाचणाऱ्या भागापाशी, एकसारख्या गतीनं जावं लागतं. मधे सैल वळसा सोडलेला असतो, तो धक्का पोटात घेतो. चित्राचा आवाज फिल्मवर वीसएक चौकटी पुढे छापलेला असतो. वळसा चुकला की ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. उजेड देणाऱ्या कार्बन आर्कच्या दिव्यात कार्बनच्या कांड्या जळून आखूड होत जातात, त्या सारख्या जवळ आणाव्या लागतात. ऑपरेटरचा एक डोळा पडद्यावर, एक ज्योतीवर. फिल्म तुटली तर शिट्ट्यांच्या गदारोळात ती जोडून पुन्हा चाकांच्या दातांवर चढवायची. हे शहाणपण कुठल्या पुस्तकातून आलेलं नव्हतं. ते हाताखाली काम करता करता आलं.

शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ साली तो कानच्या महोत्सवात गाजला. त्यातला प्रकाश हा प्रोजेक्टर दुरुस्त करणारा कारागीर मला विसरता येत नाही. त्यानं स्वतःच्या डोक्यानं नवा प्रोजेक्टर घडवला होता, पण तोवर जगच फिल्म सोडून निघालं होतं. २०१३ साली फुजीनं सिनेमाच्या बहुतेक फिल्मचं उत्पादन बंद केलं. काही तंबूमालकांनी डिजिटल यंत्रं घेतली. तिथे सिनेमा चालू करण्याची परवानगीही दुसरीकडून यावी लागते. ती आली नाही, तर पाना आणि तेलाची बुधली घेतलेल्या माणसाला करण्यासारखं काही उरत नाही. त्यात गावोगाव मोबाइल पोचला, आणि यात्रेपर्यंत सिनेमाची वाट पाहण्याची गरजच संपली.

मला काळजी वाटते ती यापुढची. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात १९६४ पासून फिल्म जपल्या जातात. पण प्रोजेक्टर चालता ठेवायचा तर कार्बनच्या कांड्या हव्यात, झिजलेल्या क्रॉसच्या जागी नवा क्रॉस हवा आणि दाखवायला धडधाकट प्रिंट हवी. त्याहून अवघड म्हणजे वळसा किती सोडायचा हे बोटांना ठाऊक असलेला माणूस हवा. ती माणसं आता म्हातारी झाली आहेत. काचेच्या कपाटात ठेवलेला प्रोजेक्टर कुणाला काही शिकवणार नाही. लोखंडाशी शतकभराची ओळख असलेल्या या मुलखात एखाद्या आयटीआयनं एक प्रोजेक्टर चालता ठेवावा, जुन्या ऑपरेटरला मानधन देऊन बोलवावं आणि मुलांना त्याच्या हाताखाली उभं करावं. पैसा फार लागणार नाही. वेळ मात्र फार उरलेला नाही.