थंडीतील आरोग्याचा हिशेब

हिवाळ्यात प्रकृती राखण्याचे उपाय आपल्याकडे कोणास ठाऊक नाहीत? अंगाला तेल, कढत पाण्याने स्नान, सकाळचे कोवळे ऊन, बाजरीची भाकरी. हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो, असे आयुर्वेद सांगतो. भोगीला तीळ लावलेली भाकरी ताटात येते ती काही उगाच नव्हे. बाजारभाव पाहिले तर हे सारे स्वस्तही आहे. परंतु या दिनचर्येची खरी किंमत वेळ आणि जळण यांत मोजावी लागते, आणि तो हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या ऊसतोड मजुरांचेच पाहा. गळिताचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. म्हणजे ऐन थंडी कोपीतच काढावयाची. नवराबायको मिळून एक ‘कोयता’, मजुरी टनावर. खाडा झाला तर अनेकदा वर दंड. पहाटेच्या दवाने भिजलेल्या फडात उतरणाऱ्या बाईला ‘घटकाभर उन्हात बसत जा’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? पाणी तापविणे दूरच, आधी ते डोक्यावरून आणावे लागते. न्हाणीला आडोसाही नसतो. (२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते. बाजरीचे गोडवे तेव्हा पुष्कळ गाइले गेले. ती पिकविणारा आणि खाणारा हा वर्ग मात्र त्यात फारसा दिसला नाही.)

साखर कारखान्यांचे बॉयलर उसाच्या चिपाडावर हंगामभर अहोरात्र पेटते असतात. त्यांच्या आवारालगतच्या तळांवर तरी गरम पाण्याचे नळ आणि न्हाणीघरे का असू नयेत? हा खर्च साखरेच्या उत्पादनखर्चातच धरला पाहिजे.