ल्युपस जेव्हा मेंदूपर्यंत पोहोचतो

लांडग्याने लचका तोडावा तसे चेहऱ्यावरचे व्रण दिसतात, या जुन्या समजुतीतून लांडग्याचे लॅटिन नाव ज्या आजाराला चिकटले, तो ल्युपस दीर्घकाळ त्वचेचा विकार म्हणूनच ओळखला गेला. व्हिएन्नातील त्वचारोगतज्ज्ञ मॉरिट्झ कापोसी यांनी १८७२ मध्ये या विकारात ताप, सांध्यांची सूज आणि रक्तक्षय यांबरोबर मज्जासंस्थेचीही लक्षणे दिसतात, अशी नोंद केली होती. तरीही गालांवरचा फुलपाखरासारखा लाल चट्टा हीच त्याची लोकमानसातील ओळख राहिली.

ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा जंतूंऐवजी स्वतःच्याच पेशींवर उलटते, आणि पेशीकेंद्रातील डीएनएविरुद्धदेखील प्रतिपिंडे, म्हणजे एरवी जंतूंना ओळखून निकामी करणारी प्रथिने, तयार करू लागते. दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात व त्यांतील बहुतेकींना ऐन तारुण्यात आजार जडतो. आता मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींची वीण इतकी घट्ट असते की रक्तातील बहुतेक प्रथिनांना तिच्यातून आत शिरता येत नाही. मग ही प्रतिपिंडे मेंदूचे नुकसान करतात तरी कशी?

त्यांतील काहींना आत शिरण्याची गरजच पडत नाही. पेशींच्या आवरणातील फॉस्फोलिपिड नावाच्या मेदद्रव्यांशी आणि त्यांना चिकटलेल्या प्रथिनांशी वैर धरणारी प्रतिपिंडे रक्तातच गुठळ्या होऊ देतात. अशी गुठळी मेंदूच्या धमनीत अडकली, की तिशी-पस्तिशीच्या स्त्रीलाही पक्षाघात होतो. लंडनमधील ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ मध्ये या गुठळ्या, वारंवार होणारे गर्भपात आणि ही प्रतिपिंडे यांचा संबंध जोडून दाखवला.

दुसरी वाट अधिक गूढ आहे आणि तिचा शोध न्यूयॉर्कमधील बेटी डायमंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. डीएनएला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांपैकी काही प्रतिपिंडे चेतापेशींवरील एनएमडीए ग्राहीलाही चिकटतात, असे त्यांना २००१ मध्ये आढळले. हा ग्राही म्हणजे ग्लुटामेट या रसायनाचा निरोप झेलणारा रेणू असून, स्मरण आणि शिकणे त्याच्यावर अवलंबून असते. ही प्रतिपिंडे थोडी असली तर पेशीचा प्रतिसाद भलताच वाढवतात आणि पुष्कळ झाली तर पेशीला मारतात. उंदरांच्या रक्तात ती असूनही उंदीर ठणठणीत राहिले, हे या प्रयोगांतील सर्वांत बोलके निरीक्षण म्हटले पाहिजे. जंतूंच्या आवरणातील विषद्रव्य टोचून रक्तवाहिन्यांची तटबंदी सैल केली, तेव्हा स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागातील पेशी मेल्या. आणि ताणाच्या प्रसंगी स्रवणारे ॲड्रेनॅलिन टोचले, तेव्हा भीतीच्या भावनेशी निगडित अमिग्डाला या भागाला इजा झाली. शत्रू तोच, परंतु कोणते दार उघडले यावर लक्षण ठरले. माणसात सारे असेच घडते असे यावरून म्हणता येत नाही. मात्र एका रुग्णाची स्मृती का ढासळते आणि दुसऱ्याची मनःस्थिती का बिघडते, याचा एक पटण्याजोगा उलगडा त्यातून होतो.

अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्ये ल्युपसमध्ये दिसणाऱ्या मज्जासंस्थेच्या व मनाच्या १९ विकारांची यादी केली. त्यांपैकी १२ मेंदू व मज्जारज्जूचे, तर ७ शरीरभर पसरलेल्या नसांचे आहेत. आकडी, चित्तभ्रम, पाय लुळे पाडणारी मज्जारज्जूची सूज असे गंभीर विकार त्यात आहेतच. पण डोकेदुखी, खिन्नता आणि शब्द न आठवणे, हातातल्या कामावर चित्त न ठरणे अशा तक्रारी कितीतरी अधिक आढळतात. यांत एमआरआय पुष्कळदा निर्दोष येतो, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल’ या दोन शब्दांचा अर्थ घरची माणसे ‘आजारच नाही’ असा लावतात, हे रुग्णाच्या वाट्याला येणारे वेगळेच दुखणे.

खरी अडचण निदानाची आहे, कारण मेंदूतील ल्युपस निर्विवाद सिद्ध करणारी एकही चाचणी नाही. ल्युपसच्या रुग्णाला चित्तभ्रम झाला, तर तो आजारामुळे असेल किंवा आजारावर दिलेल्या स्टिरॉइडमुळेही असेल. प्रेडनिसोलोनची रोजची मात्रा ४० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की हा धोका स्पष्टपणे वाढतो. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे जंतूंना मोकळे रान मिळते, त्यामुळे क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतात मेंदूच्या आवरणाचा क्षय आधी वगळावा लागतो, आणि त्यासाठी पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासणे टाळता येत नाही. उपचारही परस्परविरोधी ठरतात: सूज असेल तर स्टिरॉइड व सायक्लोफॉस्फामाइड, गुठळी असेल तर रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन, जंतुसंसर्ग असेल तर प्रतिकारशक्ती दाबण्याची घाई घातक, आणि दोष स्टिरॉइडचाच असेल तर त्याची मात्रा हळूहळू उतरवणे.

म्हणूनच ल्युपसच्या रुग्णाला नव्याने आकडी आली, बोलणे असंबद्ध झाले, एका बाजूची शक्ती गेली किंवा तापासह मान ताठरली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्टिरॉइड एकाएकी बंद करू नये.