समुपदेशकाची वही: काय लिहावं, कोणाला सांगावं

आमच्या मूर्तिजापूरच्या कार्यालयात एक लांब हिरवी वही असायची. नाव, गाव, नवऱ्याचं नाव, तक्रार असे रकाने आखलेले. सोयाबीन सोंगायला मेळघाटातून आलेल्या एका कोरकू बाईबद्दल मी त्यात लिहिलं, ‘नवरा दारू पितो, मारतो. जीव द्यावासा वाटतो म्हणते.’ वही टेबलावरच राहिली. दोन दिवसांनी तिचा दीर कसल्याशा कागदासाठी आला. बसल्या बसल्या त्यानं पानं चाळली, आणि त्याला वाचता येत होतं. त्या रात्री तिला काय सोसावं लागलं, ते तिनं मला नंतर सांगितलं.

चूक सर्वस्वी माझी होती. नव्या कार्यकर्त्यांना शिकवताना मी आधी हेच सांगते, आणि आज इथं लिहिलं तेही तिला विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गुप्त राहणं हा त्याचा हक्क आहे. कलम २४ सांगतं की उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीवाचून प्रसारमाध्यमांना देता येत नाही. आपण डॉक्टर नाही, साधे कार्यकर्ते आहोत, म्हणून यातून सुटका शोधू नये. माणूस आपल्याकडेही तेच दुःख घेऊन येतो.

आणि लोक येतात, हे महत्त्वाचं. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बोलणं सुरू केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गावातला माणूस गावातल्याच माणसाकडे मन मोकळं करतो, पण एकदा बोलणं बाहेर फुटलं की ते दार बंद होतं.

ईशशास्त्राच्या पदविकेत आम्ही पापकबुलीच्या गुप्ततेबद्दल शिकलो. कॅथलिक परंपरेत धर्मगुरूला ती कोणत्याही कारणानं मोडता येत नाही. समुपदेशकाचं तसं नाही. कोणाच्या जिवाला धोका असेल तर गरजेपुरती माहिती द्यावी लागते, आणि न्यायालयाचा आदेश आला तरीही. म्हणून पहिल्याच भेटीत, बोलणं सुरू होण्याआधी मी सांगते, “बाई, तुमचं बोलणं माझ्यापाशी राहील. पण तुमचा नाहीतर दुसऱ्या कोणाचा जीव जाईल असं मला वाटलं, तर मला कोणाला तरी सांगावं लागेल. सांगण्याआधी तुम्हाला बोलीन.” हे ऐकून कोणी उठून गेलं, असं अजून झालेलं नाही.

जीव देण्याची गोष्ट निघाली की सरळ विचारावं. विचारल्यानं ते मनात येतं, ही समजूत चुकीची आहे. आपल्या वऱ्हाडात पुढचा प्रश्न ठरलेला: फवारणीचं औषध घरात कुठं आहे? ते घरातून हलवणं हे पहिलं काम. कोणाकडे ठेवायचं, हे त्या माणसाला विचारून ठरवावं. ‘केस होईल’ या भीतीनं पुष्कळजण गप्प बसतात. त्याच कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानावं, आणि त्याच्या काळजीची, उपचाराची जबाबदारी सरकारवर आहे. रात्री-बेरात्री टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, फोन फुकट लागतो.

या सगळ्याची नोंद त्याच दिवशी करावी: काय विचारलं, काय उत्तर आलं (शक्यतो त्याच्याच शब्दांत), कोणाला, किती वाजता कळवलं, आणि त्यानं होकार दिला होता का. ‘वेडसर वाटते’ हे आपलं मत झालं. ‘दोनदा प्रश्न विचारला, उत्तर दिलं नाही, जमिनीकडे पाहत होती’ ही नोंद झाली. कोरकू बोलणाऱ्या बाईचं बोलणं दुभाष्यानं सांगितलं असेल तर तेही लिहावं, आणि दुभाषी तिचा नवरा किंवा सासू नसावी.

सर्वांत अवघड प्रसंग निराळाच. सोळा वर्षांची लग्न झालेली पोर, पोटात बाळ, रडते, झोप नाही. बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याचं कलम १९ म्हणतं, माहिती असलेल्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणं हाही गुन्हा. अठरा वर्षांखालच्या पत्नीशी संबंध हा बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. पण कळवलं तर घरचे तिला दवाखान्यात न्यायचंच बंद करतील, ही भीती खरी आहे. मी कळवते, पण मला ते सोपं जात नाही. आधी वरिष्ठांशी बोलते, मग त्या पोरीला सांगून ठेवते, आणि तिची तपासणी चुकणार नाही याची सोय लावते. समोर कोणते मार्ग होते, कोणाचा सल्ला घेतला, हाच का निवडला, ते सगळं वहीत उतरवते. उद्या कोणी विचारलं तर उत्तर हवं, आणि मलाही माझा विचार पुन्हा तपासता यावा.

आता थोडं आपल्या घरचं. प्रार्थनासभेत ‘एका बहिणीच्या घरासाठी प्रार्थना करा’ असं आपण सहज म्हणतो. मूर्तिजापुरात ‘स्टेशनाकडची, दोन लेकरांची’ एवढं म्हटलं की सगळ्यांना नाव कळतं. देवाला पत्ता सांगावा लागत नाही.

हिरवी वही गेली. आता प्रत्येकाला क्रमांक आहे, नावांची यादी दुसऱ्या कपाटात, आणि किल्ली दोघींकडेच. खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ, बाजूला दुरुस्ती, सही, तारीख.

ती कोरकू बाई पुढच्या हंगामात परत आली. म्हणाली, “ताई, माह्याबद्दल काय लिहिलं ते वाचून दाखव.” तो तिचा हक्कच होता. मी वाचलं. ‘झोप लागत नाही’ यावर तिनं मला थांबवलं. “लागते ना. पण झोपाची भेव वाटते.” मी रेघ मारली, तिचे शब्द लिहिले, सही केली, तारीख घातली.