राजा-राणीचे ‘लग्न’ लावा, 20 गुण मिळवा! युरोपातील हा पत्त्यांचा खेळ आहे तरी काय? आकुर्डीशी काय संबंध?

आकुर्डी : मेंढीकोट खेळणाऱ्याला दश्शीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. ‘मेंढी’ पकडण्यासाठीच तर सगळा डाव असतो. पण त्याच डावात एका रंगाचे राजा आणि राणी तुमच्याकडे एकत्र आले, तर त्याचे जादा काही मिळत नाही. युरोपातील काही जुन्या खेळांत मात्र ही जोडी म्हणजे लॉटरीच! तिथे तिला थेट ‘लग्न’ म्हणतात आणि या लग्नावर अख्खा डाव फिरू शकतो.

यातला एक खेळ आहे ऑस्ट्रियाचा ‘श्नाप्सन’. आकुर्डीत मुख्यालय असलेल्या बजाज ऑटोने 2007 मध्ये ज्या केटीएम कंपनीत हिस्सा घेतला, ती याच देशातली. तिच्या दुचाकी चाकणमध्ये तयार होतात. चाकणलाच ज्यांच्या गाड्या बनतात, त्या स्कोडाच्या चेक देशात याच कुळातला ‘मारियाश’ घरोघरी खेळला जातो. म्हणजे गाड्या इथवर आल्या, पण त्यांच्या गावचे पत्ते आपल्याला अजून अनोळखीच आहेत.

श्नाप्सन कसा खेळतात?

खेळाडू दोनच. नेहमीच्या कॅटमधून दुरीपासून नव्वीपर्यंतचे पत्ते बाजूला काढा. उरतात 20 पत्ते. त्यांचे गुण असे :

- एक्का : 11
- दश्शी : 10
- राजा : 4
- राणी : 3
- गुलाम : 2

एका रंगाचे 30, म्हणजे चार रंगांचे मिळून 120 गुण. जो आधी 66 पर्यंत पोहोचेल, त्याने डाव जिंकला. इथेही दश्शीचा मान मोठा आहे; ती राजाच्याही वर आणि फक्त एक्क्याच्या खाली.

प्रत्येकाला पाच पत्ते वाटायचे. त्यानंतर एक पत्ता उघडा ठेवायचा. त्याचा रंग तो हुकूम. उरलेले पत्ते मध्ये पालथे ठेवायचे. प्रत्येक हात झाला की दोघांनी त्यातून एकेक पत्ता उचलायचा. मधले पत्ते संपेपर्यंत समोरच्याच्या रंगाचा पत्ता टाकण्याची सक्ती नसते. ते संपले की मात्र रंग पाळावा लागतो आणि शक्य असेल तर हात मारावाही लागतो.

‘लग्न’ कधी लावता येते?

उतारी तुमची असेल तेव्हाच. एकाच रंगाचे राजा-राणी दाखवायचे आणि त्यातला एक पत्ता खेळायचा. साध्या रंगाची जोडी असेल तर 20 गुण, हुकुमाची असेल तर 40. एक अट आहे : हे गुण धरले जाण्यासाठी तुम्ही निदान एक हात तरी जिंकलेला असावा लागतो.

आता हिशेब करा. राजा 4 आणि राणी 3, मिळून अवघे 7. तेच एकत्र आले की त्यावर 20 किंवा 40 वेगळे! समजा, तुमचे 30 गुण झाले आहेत आणि तुम्ही हुकुमाची जोडी दाखवली. झाले 70. डाव तिथेच संपला. समोरच्याकडे दोन एक्के असले तरी ते तसेच राहिले.

मग यात कौशल्य कुठे आले?

खरी गोम इथेच आहे. तुमच्याकडे फक्त राणी आली आहे. राजा अजून दिसलेला नाही. तो मधल्या पत्त्यांत आहे की समोरच्याकडे, हे कळायला मार्ग नाही. राणी धरून ठेवावी, तर पाचांतली एक जागा अडते आणि चांगले पत्ते आधीच खेळावे लागतात. सोडून द्यावी, तर पुढच्याच उचलीत राजा येऊ शकतो.

जोडी जमली तरी प्रश्न संपत नाही. ती दाखवली की तुमच्याकडचा आणखी एक पत्ता समोरच्याला कळतो. थांबलात, तर उतारी पुन्हा मिळेल याची खात्री नाही.

म्हणून मुरलेला खेळाडू पडलेल्या पत्त्यांवर नजर ठेवतो. इस्पिकची राणी पडली, की इस्पिकच्या राजाचे लग्न मोडले. त्याला धरून ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय गुण मनातच मोजायचे असतात. ‘माझे 66 झाले’ म्हणालात आणि हिशेब चुकला, तर डाव समोरच्याचा.

हे ‘लग्न’ आले कुठून?

‘मारियाज’ म्हणजे फ्रेंच भाषेत लग्न. याच नावाच्या खेळाचा उल्लेख 1715 मध्ये जर्मनीतील लायप्झिगला छापलेल्या एका कोशात सापडतो. चेक ‘मारियाश’चे नावही याच शब्दावरून आले.

गंमत म्हणजे जर्मन पद्धतीच्या पत्त्यांत राणीच नसते. तिच्या जागी ‘ओबर’ नावाचा वरिष्ठ सरदार असतो. तरीही राजा आणि ओबर यांच्या जोडीला लग्नच म्हणतात! स्पेनमध्ये ‘तूते’ खेळताना राजाची जोडी घोडेस्वाराशी जमते. तिथेही हुकुमाच्या जोडीला 40 गुण असतात. त्यावरूनच स्पॅनिशमध्ये ‘एखाद्याला चाळीस ऐकवणे’ हा वाक्प्रचार रुळला. अर्थ, तोंडावर खरे सुनावणे.

आपल्याकडे असे काही आहे का?

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात 10 रंग आणि 120 पत्ते असतात. पण त्यात राजा आणि प्रधान, राणी नाही. त्यामुळे लग्नाचा प्रश्नच नाही.

जवळचा नातेवाईक आहे ‘ट्वेंटी-नाइन’. बंगाल, बांगलादेश आणि नेपाळात तो लोकप्रिय आहे. चौघे खेळाडू, समोरासमोर भागीदार, 32 पत्ते. गुलामाला 3, नव्वीला 2, एक्का आणि दश्शीला प्रत्येकी 1. एकूण 28 गुण. शेवटच्या हाताचा 1 धरून 29. राजा-राणीला यात शून्य गुण आहेत. पण हुकुमाची जोडी दाखवली की बोलीच बदलते. बोली 20 ची असेल आणि जोडी बोली लावणाऱ्यांकडे निघाली, तर त्यांना 16 च करावे लागतात. विरोधकांकडे निघाली, तर 24!

गुलाम आणि नव्वीला असा मान देणारे खेळ डच व्यापाऱ्यांबरोबर दक्षिण आशियात आले असावेत, असे मानले जाते. आकुर्डी-निगडीच्या वसतिगृहांत किंवा भाड्याच्या खोल्यांत पूर्व भारतातून आलेल्या मुलांना विचारून पाहा. ‘ट्वेंटी-नाइन’ शिकवणारा कुणीतरी नक्की भेटेल.

मोबाइलवर खेळताना हे लक्षात ठेवा

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्यानुसार पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. त्यामुळे पैसे भरायला सांगणाऱ्या अ‍ॅपपासून लांब राहा.

तसेही या खेळाला अ‍ॅपची गरज नाही. घरातला कॅट काढा, 20 पत्ते वेगळे करा. पहिले काही डाव गुण कागदावर लिहा. मग कागद बाजूला ठेवा आणि 66 मनात मोजून पाहा. खेळ खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतो.