फ्रिजखालचं पाणी: गॅसवर आळ, दोष बुजलेल्या भोकाचा

पावसाळा लागला की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत स्वयंपाकघरांत एक तक्रार हमखास ऐकू येते: फ्रिजखाली पाणी साचतंय, भाजीच्या ड्रॉवरमध्ये तळं झालंय. यातल्या बऱ्याच तक्रारी घरच्या घरी मिटण्यासारख्या असतात. त्या आधी काही समज मात्र तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज: फ्रिज बिघडला म्हणून पाणी तयार होतं.
वस्तुस्थिती: धडधाकट फ्रिजमध्येही रोज पाणी तयार होतं आणि ते येतं हवेतून. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता, म्हणजे आपल्या उपनगरातली जुलैतली नेहमीची हवा, असेल तर एक घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम बाष्प असतं. तीच हवा ४ अंशांवर गार झाली की तिच्यात सहा ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं. उरलेल्याचं पाणी होतं. कोरड्या हिवाळी दिवसाच्या तुलनेत हे प्रमाण काही पट आहे. शिवाय दार जितक्या वेळा उघडाल, तितक्या वेळा नवी दमट हवा आत येते.

या पाण्याची वाट ठरलेली आहे. मागच्या गार भिंतीवर थेंब जमतात, खालच्या अरुंद पन्हळीत उतरतात, तिथल्या भोकातून नळीत आणि नळीतून कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये जातात. कॉम्प्रेसरच्या उष्णतेने त्यांची पुन्हा वाफ होते. पाणी लादीवर आलं, की ही वाट कुठेतरी अडली आहे असं धरून चाला.

गैरसमज: पाणी गळतंय म्हणजे गॅस गळतोय.
वस्तुस्थिती: गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. तो गळला तर हवेत मिसळतो, लादीवर त्याचा थेंबही दिसत नाही. गॅस गेल्याची खूण वेगळी असते: कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही आणि तरी दूध नासतं. फ्रीझरमधला बर्फ वितळून पाणी येतं, ते त्यानंतर. आत सगळं गारेगार असेल तर ‘गॅस भरावा लागेल’ या निदानावर लगेच मान डोलावू नका.

गोदरेजने १९५८ साली भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली आणि पुढे घाटकोपर-मुलुंडच्या मधल्या विक्रोळीच्या कारखान्यातून हजारो घरांत फ्रिज पोहोचले. तेव्हापासून गॅस बदलत गेले. ओझोनला घातक असलेला आर-१२ गेला, आर-१३४ए आला आणि आता बहुतेक नव्या घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए असतो. हा गॅस ज्वालाग्राही आहे, त्यामुळे त्याचं काम जाणकारानेच करावं. तुमच्या फ्रिजमध्ये कोणता गॅस आहे ते मागच्या पट्टीवर लिहिलेलं असतं.

गैरसमज: नळी तुंबली तर मेकॅनिकशिवाय गत्यंतर नाही.
वस्तुस्थिती: सिंगल डोअर फ्रिजमध्ये हे काम घरी होतं. आधी स्विच बंद करून प्लग काढा. भाजीचा ड्रॉवर बाहेर घ्या. मागच्या भिंतीच्या तळाशी पन्हळ आणि तिच्या मधोमध बोटाएवढं किंवा त्याहून लहान भोक दिसेल. तिथे बहुधा कोथिंबिरीचं पान, कढीपत्ता, कांद्याचं साल आणि बुळबुळीत काळपट थर सापडतो. वरचा कचरा चिमट्याने उचला. मेडिकलमधून सुईविना मोठी सिरिंज आणा आणि कोमट पाणी हळूहळू भोकात सोडा. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकतं. अडलंच तर मऊ, लवचीक प्लास्टिकची नळी अलगद फिरवा, तार खुपसू नका. मागच्या ट्रेमध्ये पाणी पडताना दिसलं की काम झालं.

आणखी दोन गोष्टी बघा. फ्रिज स्टॅण्डवर पुढे झुकलेला असेल तर पन्हळीतलं पाणी दाराकडे येतं, म्हणून तो किंचित मागे कललेला असावा. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा. नोट सहज निसटली तर रबर सैल आहे आणि बाहेरची हवा दिवसभर आत शिरते आहे.

गैरसमज: फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फच होत नाही, तर पाणी कुठून येणार?
वस्तुस्थिती: बर्फ होतो, फक्त तो फ्रीझरच्या मागच्या पॅनलआड असतो. ठरावीक काळाने हीटर लागून तो वितळतो आणि पाणी नळीने खाली जातं. नळीच्या तोंडाशीच बर्फ गोठला, तर फ्रीझरच्या तळाला बर्फाची लादी धरते आणि पाणी खालच्या कप्प्यात उतरतं. सामान काढून, दारं उघडी ठेवून, खाली टॉवेल अंथरून फ्रिज रात्रभर बंद ठेवा. चार-सहा दिवसांत तेच पुन्हा झालं, तर हीटर किंवा सेन्सर तपासायला मेकॅनिक बोलवा.

गैरसमज: जाड बर्फ सुरीने खरवडला की लवकर सुटतो.
वस्तुस्थिती: सुरीचं टोक बर्फामागच्या ॲल्युमिनियमच्या नळीत गेलं, की गॅस खरोखरच गळतो आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. सिंगल डोअरमध्ये थर्मोस्टॅटच्या नॉबवरचं डीफ्रॉस्टचं बटण दाबून थांबा. त्याआधी फ्रीझरखालचा ट्रे नीट आत सरकवलेला आहे ना, ते पाहा. नाहीतर वितळलेलं पाणी थेट भाजीवर पडतं.

गैरसमज: बाहेरून घाम फुटला, म्हणजे फ्रिज झिरपतोय.
वस्तुस्थिती: वर सांगितलेल्या हवेत सुमारे २७ अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरतं. दाराच्या कडेला थोडा ओलावा असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. मात्र ‘उकडतंय’ म्हणून नॉब शेवटच्या आकड्यावर नेऊ नका. मागची भिंत गोठते आणि पाण्याची वाटही.

गैरसमज: मागच्या ट्रेकडे बघायची गरज नाही, पाणी आपोआप उडून जातं.
वस्तुस्थिती: पावसाळ्यात येणारं पाणी जास्त आणि बाष्पीभवन कमी, त्यामुळे ट्रे भरून राहू शकतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून ट्रे निघण्यासारखा असेल तर आठवड्यातून एकदा रिकामा करून, घासून, कोरडा करून लावा. कॉम्प्रेसर गरम असतो, तेव्हा हात घालण्याआधी प्लग काढून तो निवू द्या.

मेकॅनिक कधी बोलवायचा? गारवा कमी झाला असेल, वाट साफ करूनही पाणी येत असेल, किंवा फ्रिजला हात लावताच झिणझिण्या येत असतील तेव्हा. या शेवटच्या प्रसंगी ओल्या लादीवर उभं राहून फ्रिजला हात लावू नका, आधी मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. बाकी वेळी मेकॅनिकला फोन करण्याआधी भोक, ट्रे आणि रबर या तीन गोष्टी स्वतः बघा.